आधी किनार, मग पाठ: मुंबईत तंतुशिल्पं पाहायला निघालेल्या नवख्यांसाठी

दोरीच्या शिल्पासमोर पहिल्यांदा उभा राहिलेला माणूस हमखास हात पुढे नेतो. मीही नेला होता. फोर्टातल्या एका दालनात छतापासून जमिनीपर्यंत लोंबणारं जाडजूड विणकाम होतं आणि त्याची एक सुटलेली दशी मला चिमटीत धरून बघायची होती. मागून "मॅडम, हात नको" असा आवाज आला आणि मी शाळेतल्या मुलीसारखी दोन पावलं मागे झाले.

सोबत बाबा होते. ते गिरणीत साचेवाले. साचा म्हणजे माग. गिरणगावात मागाला कुणी माग म्हणायचं नाही. १९८२च्या संपात घरी बसेपर्यंत त्यांचं आयुष्य त्या खडखडाटात गेलं. बाबांनी कशालाही हात लावला नाही. ते त्या विणकामाच्या कडेला गेले, गुडघ्यावर हात टेकून वाकले आणि किनार पाहिली. मग भिंतीकडच्या फटीत डोकं घालून पाठ पाहिली. परत येऊन म्हणाले, "आधी किनार बघायची, बाय. मग पाठ. पुढून काय, कुणीही छान दिसतं."

त्यानंतर मी अशी बरीच प्रदर्शनं पाहिली, मैत्रिणींना ओढून नेलं, पुष्कळदा काही न कळता परतले. पण नवख्या माणसाला सांगण्यासारखं जे काही माझ्याकडे आहे ते बाबांच्या त्या दोन वाक्यांतूनच निघालं आहे.

निघण्याआधी: नेमकं काय पाहायचंय?

'फायबर आर्ट' हा शब्द निमंत्रणपत्रिकेवर दिसला की बिचकू नका. कापूस, लोकर, रेशीम, ताग, अंबाडी, काथ्या, घायपाताचा वाख, वेत, केस, कधी विजेच्या वायरीसुद्धा. यांतलं काहीही विणून, गाठी मारून, शिवून, गुंडाळून केलेली कलाकृती म्हणजे तंतुकला. ती भिंत सोडून खोलीत आली, तिला पुढची बाजू, मागची बाजू आणि वजन आलं, की झालं तंतुशिल्प.

हे सगळं आपल्या घरात होतं. आजीचं शिंकं, तिची गोधडी, गुराख्याची गोफण, काथ्या वळून केलेला सुंभ. 'सुंभ जळला तरी पीळ जात नाही' ही म्हण ज्यांनी रचली त्यांना दोरीची ताकद पिळात असते हे पक्कं ठाऊक होतं. त्यामुळे "आम्हाला कलेतलं काही कळत नाही" हे वाक्य चित्रांच्या प्रदर्शनासाठी राखून ठेवा. इथे तुमच्या बोटांना कलासमीक्षकापेक्षा जास्त माहिती असण्याची शक्यता आहे.

इतिहास थोडक्यात सांगते, कारण पाट्यांवर त्यातली नावं पुन्हापुन्हा येतात. युरोपात विणकाम बराच काळ कलेच्या ओसरीवरच बसलेलं होतं. जर्मनीतल्या बाउहाउस या नव्या विचारांच्या शाळेतसुद्धा मुलींना बहुतेक विणकाम विभागातच धाडत. तिथूनच आलेल्या ॲनी अल्बर्स यांचं न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये १९४९ साली स्वतंत्र प्रदर्शन झालं. १९६२पासून स्वित्झर्लंडमधल्या लोझानला भित्तिपटांचं द्वैवार्षिक प्रदर्शन भरू लागलं आणि तिथे पोलंडच्या माग्दालेना अबाकानोविच यांनी भित्तिपट भिंतीवरून काढून खोलीच्या मध्यभागी टांगायला सुरुवात केली. जहाजांचे टाकून दिलेले दोरखंड त्या गोळा करायच्या, उसवायच्या, रंगवायच्या आणि त्यांतून माणूस आत शिरेल एवढाले आकार विणायच्या. त्यांच्या आडनावावरून त्या शिल्पांना 'अबाकान' म्हणतात. १९६९ साली न्यूयॉर्कच्या त्याच संग्रहालयात 'वॉल हँगिंग्ज' हे प्रदर्शन झालं आणि मग या प्रकाराला मागे बसवणं अवघड झालं.

आपल्याकडची वाट वेगळी आहे, आणि मला ती जास्त आवडते. १९५०च्या दशकात सरकारने विणकर सेवा केंद्रं उभी केली. हेतू साधा होता: हातमाग विणकरांना नवी डिझाइनं मिळावीत. पण त्यासाठी नोकरीला घेतले ते चित्रकार. आपले प्रभाकर बरवे वाराणसीच्या आणि नंतर मुंबईच्या केंद्रात होते. के. जी. सुब्रमण्यन मुंबईच्या केंद्रात होते, मग पुन्हा बडोद्याला शिकवायला गेले. चित्रकार आणि विणकर एका छपराखाली बसले, पगार सरकारचा. या गोष्टीचं जेवढं कौतुक व्हायला हवं तेवढं झालेलं नाही.

बडोद्याला सुब्रमण्यनांच्या हाताखाली शिकलेल्या मृणालिनी मुखर्जी हे नाव लक्षात ठेवा. जन्म मुंबईचा, १९४९चा. नंतरचं आयुष्य दिल्लीत गेलं. त्यांनी माग वापरलाच नाही. अंबाडीच्या जातीची जाड दोरी रंगवायची आणि धातूच्या सांगाड्यावर गाठीमागून गाठ मारत जायचं. आधी रेखाटन नाही, लहान नमुना नाही. त्यातून 'यक्षी', 'पुष्प', 'वनश्री' अशी माणसाएवढी किंवा त्याहून मोठी शिल्पं उभी राहिली. देवता आहे की झाड आहे की काहीतरी उमलतंय, हे तुम्ही कुठे उभे आहात त्यावर ठरतं. जानेवारी २०१५मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांच्या कामाचं सिंहावलोकन प्रदर्शन उघडलं आणि आठवड्याच्या आतच त्या गेल्या. २०१९ साली न्यूयॉर्कच्या मेट ब्रॉयर संग्रहालयात त्यांचं मोठं प्रदर्शन झालं.

दुसरं नाव मोनिका कोरिया, मुंबईच्याच. त्यांचं काम मागावरचं. मागाला फणी असते. ती उभे धागे ठरलेल्या अंतरावर, सरळ रांगेत ठेवते आणि आडवा धागा ठोकून जागी बसवते. मोनिकाबाईंनी विणता विणता मधेच फणी काढून टाकायची रीत शोधली. फणी गेली की उभे धागे मोकाट सुटतात, वळतात, एकमेकांना चिकटतात, दूर जातात आणि कापडात वारा शिरल्यासारखं होतं. हे मी बाबांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. साचेवाल्याच्या हिशेबाने हा गुन्हाच. शेवटी म्हणाले, "मग आडवा धागा दाबला कशाने?" प्रश्न चोख होता. असे प्रश्न प्रदर्शनात जाताना खिशात हवेत.

कुठे जायचं, आणि कोणत्या वारी

एक गोष्ट आधीच सांगून टाकते म्हणजे हिरमोड होणार नाही. आधुनिक तंतुशिल्पांचं कायमस्वरूपी दालन, वर्षभर कधीही जावं आणि पाहावं असं, मुंबईत मला माहीत नाही. प्रदर्शनं येतात, महिना-दीड महिना राहतात, जातात. त्यामुळे पहिली सवय लावायची ती चौकशीची. संग्रहालयांची आणि गॅलऱ्यांची समाजमाध्यमांवरची पानं महिन्यातून एकदा चाळा, निघण्याच्या दिवशी फोन करा. दोन प्रदर्शनांच्या मध्ये दालनं मांडामांडीसाठी बंद असतात आणि ते दाराशी गेल्यावरच कळतं.

सुरुवात काळा घोड्यापासून करा. चर्चगेट किंवा सीएसएमटीहून चालत पंधरा-वीस मिनिटं. रीगलच्या चौकात राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे, १९११ साली बांधलेल्या कावसजी जहांगीर सभागृहात. पूर्वी इथे सभा आणि मैफली व्हायच्या, १९९६पासून संग्रहालय. आत अर्धवर्तुळाकार पातळ्या एकावर एक चढत जातात आणि मधून जिना. चित्रांसाठी ही वास्तू मला जरा अडचणीची वाटते, वाकड्या भिंतीवर सरळ चौकट खटकते. पण टांगलेल्या शिल्पासाठी सोन्यासारखी. तीच गोष्ट खालून, बरोबरीने आणि वरून पाहता येते. सोमवारी बंद. भारतीयांसाठी तिकीट अगदी किरकोळ असतं.

रस्त्यापलीकडे छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालय. तिथे वस्त्रदालन आहे आणि नवख्याने पहिल्या फेरीत तेच पाहावं असं माझं ठाम मत आहे, जरी त्यात 'आधुनिक' फारसं नसलं तरी. विणणं, रंगवणं, छापणं, भरतकाम या गोष्टी जुन्या कापडांवर डोळ्यांनी ओळखता आल्या की नव्या शिल्पात कलावंताने कोणता नियम मोडला ते कळतं. फणी काय करते हे माहीतच नसेल तर फणी काढण्यातली गंमत कशी कळणार?

त्याच बाजूला जहांगीर आर्ट गॅलरी, १९५२पासूनची, प्रवेश फुकट. इथे दर आठवड्याला प्रदर्शनं बदलतात, कलावंत बहुतेक वेळा स्वतः बसलेला असतो. दर्जा वरखाली होतो. पण धाग्यात काम करणारं कुणी भेटलं तर सरळ गप्पा मारता येतात, आणि ही सोय मोठ्या संग्रहालयात नाही.

भायखळ्याला राणीच्या बागेशेजारी डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. वास्तू १८७२ची. २०१३ साली रीना सैनी कलाट यांनी या इमारतीच्या दर्शनी भागावर प्रचंड कोळिष्टक चढवलं होतं. जवळ गेल्यावर कळायचं की ते मोठाल्या रबरी शिक्क्यांचं आहे आणि त्यांवर मुंबईतल्या रस्त्यांची जुनी, बदललेली नावं आहेत. त्याच कलाट बाईंनी विजेच्या वायरी विणून जगाचा नकाशा केला, स्थलांतरितांच्या वाटा दाखवणारा. बाहेर पडायच्या आधी संग्रहालय उघडं आहे का ते विचारा. जुनी वास्तू, दुरुस्तीची कामं निघतात. आणि बुधवारी जाऊ नका.

हंगाम म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. नोव्हेंबरात महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर आर्ट मुंबई हा मेळा २०२३पासून भरतो, जानेवारीत गॅलऱ्यांचा एकत्रित शनिवार-रविवार असतो, फेब्रुवारीच्या सुरुवातीला काळा घोडा महोत्सव. महोत्सवात मात्र शिल्प पाहायला जाऊ नका. तिथे माणसांचे सेल्फी पाहायला मिळतात. जायचंच तर आठवड्याच्या मधल्या दिवशी, दार उघडताक्षणी. सर ज. जी. कला महाविद्यालयाचं वार्षिक प्रदर्शन सार्वजनिक असतं, तेही सोडू नका. वस्त्रकला विभागातली मुलं आपल्या कामाजवळच घुटमळत असतात आणि कुणी विचारलं तर त्यांना सांगायला फार आवडतं.

खासगी गॅलरीचा बंद दरवाजा

कुलाब्या-फोर्टातल्या खासगी गॅलऱ्यांत तंतुकलेची प्रदर्शनं संग्रहालयांपेक्षा जास्त वेळा होतात. कुलाब्यातल्या झवेरी कंटेम्पररीने मृणालिनी मुखर्जी आणि मोनिका कोरिया या दोघींचं काम मांडलं आहे. फोर्टातली केमोल्ड प्रेस्कॉट रोड ही १९६३ सालची गॅलरी, आधी जहांगीरच्या पहिल्या मजल्यावर होती. शकुंतला कुलकर्णी यांनी वेतापासून विणलेली चिलखतं २०१२ साली तिथे मांडली होती. बाईच्या अंगावर घालायचं चिलखत: तिला वाचवणारं आणि कोंडणारंही. ती चिलखतं घालून त्यांनी स्वतःचे फोटो काढून घेतले. २०१९ साली ती इटलीतल्या व्हेनिसच्या द्वैवार्षिक कलाप्रदर्शनात, भारताच्या दालनात होती.

आपल्या मध्यमवर्गीय पायांना अशा ठिकाणी जाताना जडपणा येतो, मला माहीत आहे. जुनी इमारत, अरुंद लिफ्ट, वर गेल्यावर बंद काचेचा दरवाजा, आत एकच मुलगी लॅपटॉपवर. वाटतं, आपल्याला हाकलतील. असं काही होत नाही. प्रवेश फुकट असतो. बेल असेल तर दाबायची, "प्रदर्शन बघायचंय" म्हणायचं, वहीत नाव लिहायचं किंवा नाही लिहायचं. कुणीही "घेणार का?" असं विचारत नाही. मी पहिल्या वेळी पर्स काखेत घट्ट धरून, भिंतीभिंतीने अशी हिंडले होते की चोराला शोभावं.

टेबलावर एक छापील कागद असतो, प्रदर्शनाबद्दलचा. बहुतेक इंग्रजीत आणि बहुतेक अवघड. तो घ्या, पण लगेच वाचू नका. रविवारी यांतल्या बऱ्याच गॅलऱ्या बंद असतात; शनिवार दुपार उत्तम.

समोर उभं राहिल्यावर

आता मूळ मुद्दा. आत शिरल्यावर आधी वाटेल की दिवे गेलेत. गेलेले नाहीत. उजेडाने धाग्याचा रंग उडतो आणि तंतू ठिसूळ होतो, रेशमाचा तर फारच लवकर. एकदा झालेली हानी परत भरून निघत नाही. म्हणून संग्रहालयं वस्त्रांवर साधारण ५० लक्सच उजेड ठेवतात, आपल्या घरातल्या ट्यूबच्या उजेडापेक्षा पुष्कळ कमी. डोळ्यांना सरावायला चार-पाच मिनिटं द्या. बाहेरच्या उन्हातून आलेला माणूस त्याच पाच मिनिटांत सगळं बघून बाहेर पडतो, हा खरा घोटाळा. फोटो काढायची परवानगी असली तरी फ्लॅश बंद.

पहिली फेरी शिल्पाभोवती, लांबून, न थांबता. अर्थ शोधायचा नाही. फक्त एक प्रश्न: हे उभं कसं आहे? दगड स्वतःच्या बुंध्यावर उभा राहतो, ब्राँझ आतून पोकळ असूनही ताठ. दोरी उभी राहत नाही, ती पडते. म्हणजे कुणीतरी तिला पडू न देण्याची व्यवस्था केली आहे. छतात हूक आहे का? एक की सात? आत सळईचा सांगाडा आहे का? की गाठी इतक्या घट्ट आणि जवळजवळ मारल्यात की दोरीच भिंतीसारखी झाली? मुखर्जींच्या शिल्पांत या दोन्ही गोष्टी एकत्र असतात: आतला सांगाडा थोडा भार घेतो, पण घड्या, ओठ, पाकळ्या गाठींच्याच जोरावर उमलून राहतात. वजन कुठून कुठे जातं ते डोळ्यांनी खाली उतरत शोधा. तळाशी दोरी जमिनीवर कशी टेकते तेही पाहा: अलगद, की ढीग होऊन, की टेकतच नाही. हा एक प्रश्न नीट सुटला तरी पहिल्या दिवसाचे पैसे वसूल.

दुसरी फेरी बाबांची. किनार. विणलेल्या कामात आडवा धागा कडेला पोचून परत वळतो, ते वळण किनारीत दिसतं. किनार सरळ असेल तर हात सराईत आहे. वाकडी असेल तर दोनच शक्यता: हात कच्चा, किंवा वाकडेपणा मुद्दाम. कसं ओळखायचं? वाकडेपणाला लय आहे का ते पाहायचं. चुकीला लय नसते. ती कुठेही घडते. मुद्दाम केलेलं वळण हळूहळू येतं आणि हळूहळू जातं. गाठींच्या कामात किनार नसते, तिथे शेवट पाहा. दोरी संपल्यावर काय केलंय? आत लपवलीय, पिंजून सोडलीय, जाळून बंद केलीय? घर किती स्वच्छ आहे ते कोपऱ्यात कळतं, तसंच.

मग पाठ. तंतुशिल्प टांगलेलं असेल तर मागे जाता येतं आणि आश्चर्य म्हणजे लोक जात नाहीत. दहा जण येतात, समोर अर्धवर्तुळ करतात, निघून जातात. मागे गेलं की रंगांच्या उड्या दिसतात, सांधे दिसतात, कधी सगळा सांगाडा उघडा पडतो. गोधडीची उलटी बाजू पाहून आजी टाका जोखायची की नाही? कधी मागची बाजूच जास्त खरी वाटते. काही कलावंत पाठ मुद्दाम पुढे करतात.

तिसरी फेरी जवळून, पण हात मागे बांधून. खरंच बांधा, मी अजूनही बांधते. हाताच्या घामातलं तेल आणि मीठ तंतूत शिरतं आणि निघत नाही. वर आपली मुंबईची हवा. पावसाळ्यात कपाटातल्या चामड्याच्या चपलांवर बुरशी येते तीच हवा इथेही आहे. बुरशी, कसर, झुरळं या सगळ्यांना ताग आणि लोकर आवडते. संग्रहालयातले लोक वर्षभर त्याच्याशी झगडत असतात, आपण त्यात भर घालू नये. जवळून वास मात्र घेता येतो. ताग आणि काथ्याला वास असतो, आणि तो तुम्हाला गोदामात, गावच्या माळ्यावर कुठेतरी नेतोच. माझी एक मैत्रीण एका शिल्पासमोर डोळ्यांत पाणी आणून उभी होती, नंतर म्हणाली, "काही नाही गं, आमच्या गोठ्याचा वास आला."

मग एका जागी पाच मिनिटं बसा. सगळं प्रदर्शन पाहिलंच पाहिजे असं नाही. तीन कामं नीट पाहिलेला माणूस तीस पाहिलेल्यापेक्षा श्रीमंत परततो.

पाटी शेवटी

पाटी शेवटी वाचायची हा माझा हट्ट. आधी वाचली की डोळे शब्द शोधतात. मराठी पाटी सगळीकडे मिळेल असंही नाही, म्हणून नेहमी येणारे शब्द सांगून ठेवते. 'वॉर्प' म्हणजे मागावरचे उभे धागे, 'वेफ्ट' म्हणजे आडवे. 'रीड' म्हणजे ती वर सांगितलेली फणी. 'हेम्प' आणि 'ज्यूट' हे झाडाच्या सालीचे तंतू, 'सिसल' घायपाताच्या पानांचा, 'कॉयर' म्हणजे काथ्या. 'आर्मेचर' म्हणजे आतला सांगाडा. 'डायमेन्शन्स व्हेरिएबल' असं लिहिलं असेल तर ते काम दर वेळी जागेनुसार वेगळं मांडलं जातं. तुम्ही पाहताय तो आकार पुन्हा दिसेलच असं नाही. आणि साल पाहा. मुखर्जींच्या एकेका शिल्पाला महिनोन्महिने लागायचे, कधी वर्ष उलटायचं. सालासमोर एकच आकडा असतो, पण त्यात किती दुपारी असतील याचा अंदाज तुम्हाला पुढच्या पायरीत येईल.

पाटीवर साहित्याची यादी असते ती कधीच वगळू नका. शीला गौडा यांचं 'अँड टेल हिम ऑफ माय पेन' हे १९९८चं काम लांबून पाहिलं तर नुसते लाल दोरखंड वाटतात. साहित्यात लिहिलेलं असतं: दोरा, कुंकू, सुया. प्रत्येक दोरा सुईतून ओवलेला, शेकडो दोरे कुंकवाने एकत्र चिकटवलेले आणि टोकाला सगळ्या सुयांचा झुबका. हे वाचून पुन्हा मान वर केली की तो दोरखंड पहिल्यासारखा दिसत नाही. त्यांच्याच 'बिहोल्ड' या २००९च्या कामात माणसाच्या केसांचे दोर आहेत आणि त्यांवर गाड्यांचे बंपर टांगलेत. गाडीला दृष्ट लागू नये म्हणून बंपरला केसांचा गोफ बांधण्याची रीत दक्षिणेत आहे, तिथून ते आलंय. लिंबू-मिरची बांधणाऱ्या आपल्याला हे वेगळं समजावायला नको.

घरी आल्यावर: वीस गाठी

ही पायरी लोक टाळतात आणि नेमकी हीच सगळ्यात उपयोगाची आहे. हार्डवेअरच्या दुकानातून चार मिलिमीटरच्या आसपास जाडीची सुतळी आणा. अडीच-अडीच मीटरचे दोन तुकडे कापा. प्रत्येक मधोमध दुमडून काठीवर, नाहीतर दाराच्या कडीवर अडकवा. चार पदर लोंबतील. मधले दोन पदर स्थिर, काम बाहेरच्या दोघांचं.

डावा पदर मधल्या दोघांवरून उजवीकडे न्या आणि उजव्या पदराखालून घाला. उजवा पदर आता मधल्या दोघांच्या मागून डावीकडे आणा आणि डाव्या बाजूला झालेल्या फासातून वर काढा. ओढा. ही झाली अर्धी गाठ. दुसरी अर्धी नेमकी उलट, उजवीकडून सुरू करायची. दोन्ही मिळून एक चौकोनी गाठ. विसरून दर वेळी डावीकडूनच सुरू केलं तर पट्टी आपोआप जिन्यासारखी गोल पिळत जाते. तीही सुंदर दिसते, तेव्हा चूक झाली तर मुद्दाम केलं म्हणा.

वीस गाठी मारा. पट्टी जेमतेम वीतभर होईल. बाहेरच्या दोन दोऱ्या बऱ्याचशा संपलेल्या असतील, मधल्या दोन मात्र लांबलचक लोंबत राहतील. अंगठ्याच्या आतल्या बाजूला लाल वळ उठतील, सुतळीचं कूस बोटात जाईल आणि नवव्या-दहाव्या गाठीनंतर ताण सैल पडलेला स्वतःलाच दिसेल. आता मनात माणसाएवढं शिल्प उभं करा, बोटाएवढ्या जाड दोरीचं, आणि हिशेब करा. पुढच्या वेळी प्रदर्शनात तुमची नजर आपोआप गाठीच्या ताणावर जाईल. कुठे हात दमला, कुठे कलावंताने दिवस संपवून दुसऱ्या दिवशी नव्याने सुरुवात केली, असं काहीबाही दिसायला लागेल. त्यातलं निम्मं तुमच्या कल्पनेतलं असेल, हरकत नाही.

दुसऱ्या फेरीला जाताना वही न्या. एकाच शिल्पाची पेन्सिलीने कच्ची आकृती काढा, हुकापासून जमिनीपर्यंत वजनाची रेघ ओढा. शाई नको, बऱ्याच ठिकाणी पेन वापरू देत नाहीत. मोठी पिशवी आणि पाण्याची बाटली दाराशी ठेवावी लागते, आतला एसी मात्र गारठवतो, तेव्हा ओढणी किंवा शर्ट जवळ ठेवा. मुलांना नेणार असाल तर घरीच गाठ शिकवून न्या. गाठ मारलेलं मूल शिल्पाला हात लावायला कमी धावतं आणि कसं केलंय ते शोधायला जास्त, असा माझा अनुभव. जिने चढणं कठीण असलेलं कुणी सोबत असेल तर लिफ्ट कुठपर्यंत जाते ते फोनवरच विचारून घ्या.

मी अशा तीन पट्ट्या केल्या आणि बाबांना दाखवल्या. त्यांनी पुढून पाहिल्या नाहीत, उलट्या केल्या, आणि मधल्या पट्टीतल्या अकराव्या गाठीवर नख ठेवलं. तिथे मी सलग दोनदा डावीकडून सुरू केलं होतं. त्या पट्ट्या वर एकत्र बांधून मी स्वयंपाकघरात शिंकं केलं. त्यात सध्या लसूण आहे. अकरावी गाठ तशीच आहे, भिंतीकडच्या बाजूला.